स्टीलहेडसाठी छोट्या माशासारखी फ्लाय कशी निवडायची

स्टीलहेड म्हणजे समुद्रात नाहीतर मोठ्या तळ्यात जाऊन वाढलेला रेनबो ट्राउटच. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या तळ्यांमध्ये तो छोटे मासे खाऊन तगडा होतो, म्हणून शरद ऋतूत नदीत नुकताच शिरलेला असला की छोट्या माशासारखी फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष, समोरून गेली तर सवयीनेच झडप घालतो.

दुकानात डोळे, खवले, कल्ले सगळं हुबेहूब केलेल्या फ्लाय दिसल्या की हात आपोआप तिकडे जातो, पण त्या माशापेक्षा माणसालाच जास्त भुलवतात असं माझं मत. आकार, लांबी आणि हालचाल जमली की बाकी सगळं नंतर.

आधी त्या पाण्यात खाणं काय आहे ते बघा. ग्रेट लेक्सपैकी लेक ईरीला मिळणाऱ्या ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कच्या नद्यांमध्ये एमरल्ड शायनर हा छोटा मासा असतो, सडपातळ, चंदेरी, पाठीवर हिरवट झाक, मग पांढरी-ऑलिव्ह, 2 ते 3 इंची, बारीक अंगाची फ्लाय घ्यायची आणि चमकीचे दोनचारच धागे पुरे. राउंड गोबी या माशाचं गणित वेगळं. हा मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियनकडचा, ग्रेट लेक्समध्ये 1990 मध्ये सापडला, त्याच्या पोटात हवेची पिशवीच नसते त्यामुळे तो तळाला दगडांमध्ये असतो. त्याची नक्कल हवी तर डोकं जाड, मागे निमुळती, ऑलिव्ह-तपकिरी फ्लाय आणि ती तळाजवळूनच गेली पाहिजे, अधांतरी पोहणाऱ्या गोबीला स्टीलहेड कशाला खरा मानेल!

रंग पाणी बघून ठरवा. स्वच्छ असेल तर छोटी, विरळ, नैसर्गिक रंगाची, गढूळ असेल तर मोठी आणि काळी-जांभळी, कारण तेव्हा नुसती सावलीसारखी आकृती दिसते.

मारबू नावाची मऊ पिसं संथ पाण्यात मस्त श्वास घेतल्यासारखी हलतात पण जोराच्या धारेत चिकटून दोरीच होतात, तिथे हरणाच्या शेपटीचे केस बरे. सशाच्या कातडीची पट्टी कुठेही हलते, फक्त भिजली की जड, फेकताना दंड भरून येतात.

वजनासाठी क्लाउझर मिनो नावाची फ्लाय छान, तिच्या डंबेलसारख्या जड डोळ्यांमुळे गळाचं टोक वर राहतं आणि दगडात कमी अडकतं. उथळ संथ पाण्यात मात्र तीच फ्लाय सारखी तळाला जाते, मग बिनवजनाची फ्लाय आणि सिंक टिप, म्हणजे टोकाकडे बुडणारी दोरी, लावा. लांब फ्लायला गळ शेपटीकडे असलेला बरा कारण मासा बरेचदा मागूनच चावतो.

बांधली की पायाजवळच्या धारेत धरून बघा, कलंडत असेल तर कात्री लावा.

आणि नियम आधी वाचा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांवर एकच गळ आणि तोही बिनकाट्याचा लागतो, तेव्हा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून ठेवा, नदीवर गारठलेल्या बोटांनी ते होत नाही.