युरोपियन शॉर्टफिल्मचे तरुण समीक्षक आणि क्युरेटर कसे घडवायचे

आधी थिअरी नको, पोरांना सरळ फेस्टिवलला न्या. जर्मनीतलं ओबरहाउझेन १९५४ पासून चालू आहे, फ्रान्सचं क्लेरमाँ-फेराँ हिवाळ्यात असतं, फिनलंडचं तांपेरे मार्चमध्ये, पोर्तुगालचं व्हिला दो कोंद जुलैत. दिवसाला दोन प्रोग्रॅम (एकत्र दाखवलेल्या शॉर्टफिल्मचे संच) बास, नाहीतर डोकं बधिर होतं.

लिहिताना एकच अट, स्टोरी सांगायची नाही. दहा मिनिटांच्या फिल्मची स्टोरी सांगितली की उरतं काय? कॅमेरा कुठे थांबला, आवाज कधी गेला, शेवट तिथेच का केला यावर ३०० शब्द लिहायला लावा आणि एडिटिंग शेजारी बसून करा, नुसतं लाल करून परत पाठवलं की पोरगं पुढच्या वेळी घाबरून गुळगुळीत लिहितं.

क्युरेशन, म्हणजे कुठल्या फिल्म कुठल्या क्रमाने दाखवायच्या ते ठरवणं, मात्र हातानेच शिकता येतं. साधारण ७० ते ९० मिनिटांत बसतील अशा पाच-सहा फिल्म निवडू द्या, क्रम लावू द्या, मग तोच क्रम उलटा करून सगळं परत बघायला सांगा, फिल्म त्याच पण भलत्याच वाटायला लागतात. स्थलांतर, पर्यावरण असे विषयावरून गठ्ठे बांधणं सोपं म्हणून सगळे तेच करतात (मला तरी जाम बोअर होतं). हक्कांसाठी डिस्ट्रिब्युटरला मेल, स्क्रीनिंग फी, सबटायटल तपासणं, हे कंटाळवाणं कामही त्यांनाच करू द्या.

आणि प्रवासखर्च, लेखाचं मानधन द्याच, नाहीतर घरचं बरं असलेलीच पोरं टिकतात.