गाडी लो करताना जाम झालेला बोल्ट: गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

गाडी लो करायची म्हणजे स्प्रिंगा बदलायच्या, एवढंच नव्या पोरांच्या डोक्यात असतं. स्प्रिंगांचं काम तसं सरळ आहे. दिवस खातो तो अलाइनमेंटचा बोल्ट. गाडी 30-35 मिलिमीटर खाली बसली की बऱ्याच गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने आत कलतात (हा कलता कोन म्हणजे कॅम्बर), आणि टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत, तोही बदलतो. ते जागेवर आणायला जो बोल्ट फिरवायचा, त्याला गाडी नवी होती तेव्हापासून कुणी हात लावलेला नसतो.

स्विफ्ट किंवा पोलो असेल तर सुटलात. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, तिथे फिरवायला बोल्टच नाही; पुढे टाय रॉडचे, म्हणजे स्टीअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्यांचे, लॉक नट तेवढे सोडवायचे. खरी परीक्षा मल्टिलिंकवाल्या, म्हणजे प्रत्येक चाक अनेक वेगळ्या आर्मांनी (दांड्यांनी) धरलेल्या गाडीची. स्कोडा लॉराच घ्या, लो करायला हौशी लोक आणतातच. तिला मागे दोन्ही बाजूंना वरच्या आर्मच्या आतल्या टोकाला कॅम्बरचा आणि खालच्या, स्प्रिंग बसते त्या आर्मच्या आतल्या टोकाला ‘टो’ बसवायचा एक्सेंट्रिक बोल्ट असतो. बोल्टला जोडलेल्या चकतीचं भोक मधोमध नसतं. बोल्ट फिरवला की चकती ब्रॅकेटच्या दोन कडांमध्ये रेटा देते आणि आर्म आतबाहेर सरकतो.

हा बोल्ट बुशातून जातो. बाहेर रबर, रबराच्या पोटात लोखंडी नळी, नळीतून बोल्ट. नळी आणि बोल्ट यांच्यात जेमतेम फट. तिच्यात पाणी शिरतं, गंज धरतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने दोन्ही एकमेकांना घट्ट चावून बसतात. मालवण-रत्नागिरीकडची किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहणारी गाडी असेल, तर हे गृहीत धरूनच जॅक लावा.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेल्या मुलांना पाने ओळखता येतात, टॉर्कही, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तेही, कळतं. पण वर्गातलं मॉडेल कोरडं आणि ग्रीस लावलेलं. त्यामुळे नट सुटला की काम झालं असं त्यांना वाटतं. इथे जाम दोन प्रकारचा असतो: एक आट्यांतला, दुसरा नळीतला. आट्यांतला जाम तेलाने, गॅसच्या ज्योतीने, इम्पॅक्ट गनने बहुतेक वेळा सुटतो. नळीतला वेगळाच प्राणी आहे. कुठला जाम आहे हे ओळखायच्या आत जोर लावलात, तर ग्राहकाचा आर्म तुम्ही फाडलात म्हणून समजा.

ओळखायचं कसं? आधी वायर ब्रशने सगळं स्वच्छ करा आणि चकतीची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने ब्रॅकेटवर नोंदवा. मग सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी गोटी गंजलेलं डोकं गोल करते. नट थोडा सैल करा. आता बॅटरीचा उजेड बुशाच्या कडेवर धरा आणि बोल्टचं डोकं अगदी थोडं फिरवा. रबर जागच्या जागी राहून बोल्ट फिरला, तर नशीब चांगलं. रबराची कड बोल्टबरोबर पिळली गेली आणि पाना सोडताच डोकं परत मागे आलं, तर नळी बोल्टला चिकटली आहे. हे परत येणं हाताला स्पष्ट कळतं. तिथे थांबा. लांब पाइप घालून जोर लावायचा मोह इथेच होतो.

नट घट्ट असताना नळीची टोकं ब्रॅकेटमध्ये दाबलेली असतात, तेल आत जातच नाही. म्हणून नट सैल करून, फट उघडल्यावर पेनिट्रेटिंग ऑइल मारा. गंज सोडवायला बनवलेलं तेल आणा. डिझेलने हात काळे होतात, बाकी फारसं काही होत नाही. शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवा आणि हे ग्राहकाला आधीच सांगा. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं पुढेमागे करत राहा. टोकावर हातोडा मारायचा असेल तर नट आट्यांच्या टोकाशी सपाट ठेवून मारा, नाहीतर आटे जातील.

गॅसबद्दल बरेच जण घाई करतात. नटावर गॅस मारणं ठीक, पण बुशावर मारला की रबर जळालं. नवा आर्म हातात असेल तरच तो विचार करा. ब्रेकचा होज, एबीएसची वायर, पेट्रोलची टाकी, सीएनजीची लाइन कुठून जाते ते आधी पाहा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेऊच नका. क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन तयार होतो, तो जीवघेणा वायू आहे.

एवढ्यावर हलला नाही तर कापायचा. यात कमीपणा नाही. उलट तीन तास झुंजून मग कापण्यापेक्षा तासाभरात निर्णय घेणारा मेकॅनिक मला जास्त हुशार वाटतो. बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत पातळ पातं घालून दोन्ही बाजूंनी कापा. टाकीजवळ ग्राइंडर नको, ठिणग्या उडतात. मागेपुढे चालणारी करवत बरी. ब्रॅकेटला पातं लागू देऊ नका, कारण चकती ज्यांच्यात रेटा देते त्या कडा सबफ्रेमचाच, म्हणजे आर्म धरणाऱ्या सांगाड्याचाच, भाग आहेत. मग नवा आर्म, नवा बोल्ट, नवी चकती, नवा नट. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही.

म्हणूनच दर सांगताना ‘बोल्ट सुटले तर एवढे, कापावे लागले तर एवढे’ असे दोन आकडे आधीच कागदावर लिहून द्या. भांडणं कामावरून कमी आणि न सांगितलेल्या बिलावरून जास्त होतात. गाडीत फेरबदल करण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चीही ग्राहकाला कल्पना द्या, म्हणजे नंतर आरटीओचा प्रश्न निघाला की तो तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.

जोडताना बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ, म्हणजे पुन्हा जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा, आट्यांना नको. आट्यांवर ते लागलं की ठरलेल्या टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. शेवटचं आवळणं चाक लटकत असताना करू नका. रबर नळीला चिकटवलेलं असतं, त्यामुळे लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. गाडी रॅम्पवर स्वतःच्या वजनावर उभी करा, अलाइनमेंट मशीनवर टो-कॅम्बर बसवा आणि मगच टॉर्क द्या. नव्या स्प्रिंगा थोड्या दिवसांत आणखी जराशा बसतात, म्हणून ग्राहकाला पुन्हा अलाइनमेंटला बोलवा. ते दुसरं अलाइनमेंट पहिल्याच बिलात धरलेलं बरं.