पैसा मिळाला की काम सुटतं का? इंदूरच्या वस्तीत तपासायची रीत

'घरबसल्या पैसे मिळाले तर कामाला जाईल कोण?' हा वाद इंदूरच्या रामबागेत एकदा सुरू झाला की मिटत नाही. पण इंदूर जिल्ह्यात हे तपासून झालं आहे. 2011-12 मध्ये 'सेवा' संस्थेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रौढाला दरमहा 200 आणि मुलामागे 100 रुपये बिनशर्त दिले. वर्षभराने ते 300 आणि 150 केले. तुलनेला पैसे न मिळणारी 12 गावं होती. लोकांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी केली आणि स्वतःच्या शेतात जास्त राबले. नुसती मजुरी मोजली असती, तर 'आळशी झाले' हाच निष्कर्ष निघाला असता.

म्हणून तुमच्या वस्तीत घरोघरी विचारून हे तपासायचं असेल, तर वहीत रकाने वेगळे पाडा: मजुरी, स्वतःचा धंदा किंवा शेती, घरकाम, शिक्षण. 'काम करता का?' असं विचारू नका. दिवसभर पापड लाटणारी बाईही 'नाही हो, घरीच असते' म्हणते. त्यापेक्षा काल उठल्यापासून झोपेपर्यंतचे तास विचारा, तेही सासूसमोर नको.

हंगाम सांभाळा. सोयाबीनच्या कापणीत, सप्टेंबर-ऑक्टोबरला, मोजलेल्या तासांची तुलना मे महिन्याशी केली तर फरक पिकाचा निघेल, पैशाचा नव्हे. पैसे मिळणारी आणि न मिळणारी घरं एकाच आठवड्यात विचारा.

सर्वांत मोठी फसगत 'लाडली बहना'ची, म्हणजे बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या मध्य प्रदेश सरकारच्या योजनेची. ते सार्वत्रिक, म्हणजे सगळ्यांना बिनशर्त मिळणारं, उत्पन्न नाही: 21 ते 60 वयाच्या, अडीच लाखांहून कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या बायकांनाच मिळतं. मर्यादा ओलांडली की हप्ता जाईल या धास्तीने कमाई लपते, तास मात्र तेवढेच असतात. त्यामुळे उत्पन्न शेवटी विचारा आणि सरकारी माणूस नाही हे आधीच सांगा. लाभार्थी घरं मुळातच गरीब, म्हणून सुखवस्तू शेजाऱ्यांशी तुलना लावू नका.

रक्कम घरखर्चाच्या किती टक्के, हेही नोंदवा. अमेरिकेत तीन वर्षं दरमहा 1000 डॉलर दिलेल्या प्रयोगात कामाचे तास आठवड्याला सुमारे 1.3 ने घटले. गावातल्या 200 रुपयांशी ते जोडू नका. आणि घटलेले तास कुठे गेले, अभ्यासात, मुलांत की पारावर, हा रकाना रिकामा सोडू नका.