डीपी ते बोअर: वीज वाटेत कुठे मुरते ते कसं शोधायचं

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ५०० फुटांवर मोटर सोडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मोटर जळाली की दोष जातो व्होल्टेजवर, नाहीतर कंपनीवर. डीपी (शेताजवळचा वीज ट्रान्सफॉर्मर) आणि मोटर यांच्यामधल्या केबलचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतं. तो मांडायला एक मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर (टाँग टेस्टर) आणि जवळ नेताच वाजणारा बीपवाला टेस्टर पुरतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. पाइपातून पाणी येतं तशी वीज तारेच्या पोटातून भरून येते, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. डीपीत ११ केव्हीची गुंडाळी आणि ४३३ व्होल्टची गुंडाळी एकमेकींना तारेने जोडलेल्याच नसतात, तरी ऊर्जा इकडून तिकडे जातेच. पुढे ६ चौरस मिमी तांब्याच्या तारेतून १३ अँपिअर जात असले, तरी इलेक्ट्रॉन जागच्या जागी मागेपुढे हलतात, तेही मिलिमीटरच्या एक हजारांश भागाच्या आसपास. दीपनगरच्या वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन तुमच्या बोअरमध्ये कधीच उतरत नाही. ऊर्जा जाते तारांच्या भोवतालच्या आणि मधल्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रातून, म्हणजे इन्सुलेशनमधून आणि हवेतून. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये याचं गणित मांडलं. तार फक्त वाट दाखवते. अडीचशे मीटरचं अंतर ही ऊर्जा दोनेक मायक्रोसेकंदांत कापते.

हे स्टार्टरच्या पेटीपाशी पाहता येतं. मोटर बंद ठेवा, पुरवठा चालू असू द्या. बीपवाला टेस्टर येणाऱ्या फेजच्या इन्सुलेशनजवळ न्या: वाजेल. तांब्याला हात न लावता वाजला, कारण विद्युत क्षेत्र बाहेर आहे. त्याच तारेला क्लॅम्प लावा: शून्य. आता मोटर चालू करा. क्लॅम्प १३ अँपिअर दाखवेल, कारण चुंबकीय क्षेत्रही आलं. दोन्ही क्षेत्रं हजर असली तरच ऊर्जा पुढे सरकते. नुसतं व्होल्टेज असून भागत नाही.

आता तिन्ही फेज एकदम क्लॅम्पच्या जबड्यात घ्या. आकडा शून्याजवळ यायला हवा, कारण तिन्ही करंटची बेरीज शून्य होते. आपल्या कामाची पहिली चाचणी हीच. अर्धा अँपिअर किंवा जास्त दिसला, तर तेवढा करंट केबलच्या किंवा वाइंडिंगच्या फुटलेल्या इन्सुलेशनमधून जमिनीत जातोय. (अर्थिंगची तार जबड्यात घेऊ नका, नाहीतर गळती लपते.) मग मेन बंद करून केबल स्टार्टर आणि कपॅसिटरपासून सोडवा, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) गाभा, म्हणजे केबलमधली तांब्याची तार, ते अर्थ मोजा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर वर काढायची तयारी ठेवा.

मोजायला बसण्यापूर्वी: ठिबक चालू असताना ओल्या वाफ्यात उभं राहून पेटी उघडू नका. कोरडी फळी, रबरी तळाचे बूट, आणि कॅट थ्री (मीटरवर छापलेला सुरक्षेचा दर्जा) ६०० व्होल्टचा मीटर. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. हातात फुटतो. डीपीच्या पेटीला हात घालायचं काम लाइनमनचं.

लाईट येते तेव्हा एका डीपीवरच्या सगळ्या ऑटो (वीज येताच मोटर आपोआप चालू करणारे स्विच) एकदम उठतात, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडे भलतेच येतात. ती जाऊ द्या. मग मोटर बंद असताना स्टार्टरच्या येणाऱ्या टोकांवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज लिहा, मोटर चालू करून लगेच पुन्हा लिहा. समजा ४१० चं ३८५ झालं. हे २५ व्होल्ट डीपी, लाइन आणि सर्व्हिस वायरमध्ये मुरले. इतकी घसरण दिसली की आधी सर्व्हिस वायरचे जोड पाहा, खास करून जिथे ॲल्युमिनियमची वायर तांब्याला पिळून बांधली आहे तिथे. ओलाव्यात हा जोड गंजतो आणि तापतो. ॲल्युमिनियम आणि तांबं जोडायला बनवलेला बायमेटॅलिक लग वापरा.

पुढची मोजणी फारशी कुणी करत नाही, पण सगळ्यात जास्त उपयोगी तीच. मोटर चालू असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच फेजच्या दोन टोकांमध्ये मोजा: फ्यूजची आत-बाहेरची टोकं, कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधला मोटर चालू-बंद करणारा स्विच) वरचा-खालचा स्क्रू, केबलच्या जोडाची अलीकडची-पलीकडची बाजू. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आत येतं. १ व्होल्ट आला, तर १३ अँपिअरला १३ वॉट उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत तयार होतेय. पेटीतलं प्लास्टिक पिवळं पडतं, ते यामुळे. कॉन्टॅक्ट काळे असतील तर बदला, पॉलिशपेपरने घासू नका. वरचा चांदीचा थर निघून जातो आणि महिनाभरात तेच दुखणं परत येतं.

बोअरच्या आतलं व्होल्टेज मोजता येत नाही, मांडावं लागतं. तीन फेजसाठी घसरण म्हणजे १.७३ गुणिले करंट गुणिले एका गाभ्याचा रोध गुणिले पॉवर फॅक्टर (करंटचा किती हिस्सा खऱ्या कामाला लागतो ते सांगणारा आकडा). तांब्याच्या केबलचा रोध दर किलोमीटरला २.५ चौरस मिमीसाठी ७.९८ ओहम, ४ साठी ४.९५, ६ साठी ३.३० आणि १० साठी १.९१. साडेसात एचपीची मोटर, १३ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८, आणि बोअर धरून २५० मीटर केबल असेल तर असं येतं:

२.५ चौरस मिमी: ३६ व्होल्ट घसरण, सुमारे १,०१० वॉट केबलमध्येच खलास
४ चौरस मिमी: २२ व्होल्ट, ६२७ वॉट
६ चौरस मिमी: १५ व्होल्ट, ४१८ वॉट
१० चौरस मिमी: ९ व्होल्ट, २४२ वॉट

हे वॉट जातात कुठे? तारेला रोध असल्याने क्षेत्रातल्या ऊर्जेची वाट किंचित तारेकडे झुकते, आणि जेवढी ऊर्जा तारेत शिरते तेवढीची उष्णता होते. मोटरला मिळते ती न शिरलेली. वरचे आकडे २० अंशाचे आहेत. भुसावळच्या मे महिन्यात उन्हात पडलेली केबल ६० अंशांना गेली तर त्यात १६ टक्के वाढवा.

स्टार्टरवर ३८० व्होल्ट आणि खाली २.५ ची केबल म्हणजे मोटरला ३४४. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणून ४१५ ला जो मिळायचा त्याच्या ६९ टक्केच उरतो. सुरू होताना तर करंट पाचपट असतो. त्या वेळचा पॉवर फॅक्टर निम्म्याच्या आसपास धरला तरी केबलमध्येच शंभराच्या वर व्होल्ट जातात. मोटर नुसती गुणगुणते, ओव्हरलोड (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा रिले) पडतो. मग कुणीतरी ओव्हरलोडचा स्क्रू वाढवून देतो, आणि पुढच्या आठवड्यात वाइंडिंग जातं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिल माफ झाल्याने केबलमध्ये वाया गेलेल्या युनिटांचं कुणाला काही वाटत नाही. वाइंडिंगचा खर्च मात्र आपल्याच खिशातून जातो. या हिशेबात ४ ची केबल काठावर आहे, ६ घ्यावी.

तीन फेजचे करंट वेगवेगळे येत असतील तर सरासरी काढा. सगळ्यात दूरचा आकडा सरासरीपासून ५ टक्क्यांच्या आत असावा, १० च्या पुढे मोटर चालवू नका. दोष कुणाचा ते कळायला मेन बंद करून मोटरच्या तिन्ही तारा स्टार्टरवर एकेक घर सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहते. पुन्हा मोजा. जास्त करंट त्याच टोकावर राहिला तर पुरवठा किंवा स्टार्टर वाईट. तारेबरोबर सरकला तर केबल किंवा मोटर.

उरलेली केबल गुंडाळून ठेवली की 'कॉइल' होऊन व्होल्टेज जातं, हे खरं नाही. तिन्ही गाभे एकत्र असल्याने बाहेरचं चुंबकीय क्षेत्र जवळपास मिटतं. पण गुंडाळीतून उष्णता निघत नाही, म्हणून मोकळी पसरा. लोखंडी पेटीत तिन्ही फेजसाठी एकच भोक ठेवा. प्रत्येक तारेला वेगळं भोक पाडलं की पत्र्यात क्षेत्र फिरतं आणि तो तापतो. १३ अँपिअरला हे जाणवत नाही, मोठ्या भाराला हात लावून कळतं.

कपॅसिटरकडून लोक नको ती अपेक्षा ठेवतात. मोटरच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारी ऊर्जा दर आवर्तनात ये-जा करते. कपॅसिटर ती जवळच साठवून देतो. साडेसात एचपीला ३ केव्हीएआरचा (कपॅसिटरचं माप) कपॅसिटर लावला तर डीपीकडून येणारा करंट १३ वरून ११ च्या आसपास उतरतो, सर्व्हिस वायर थंड राहते. पण ही ये-जा कपॅसिटर आणि मोटर यांच्यामध्ये चालूच असते, म्हणून बोअरच्या केबलमधला करंट तसाच राहतो. कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या पुढे आणि ओव्हरलोडच्या आधी जोडा. ओव्हरलोडच्या पुढे जोडलात तर त्याची सेटिंग कमी करावी लागते. बंद केल्यावर लगेच टोकांना हात लावू नका, आधी मीटरने शून्य झाल्याची खात्री करा.

बोअरमध्ये जोड द्यावाच लागला तर तीन गाभ्यांचे जोड एका रेषेत न ठेवता ५-७ सेंटिमीटर मागेपुढे घ्या. मापाची तांब्याची फेरूल (जोडनळी) दाबून क्रिम्प करा, वर स्वतःत मिसळणारी रबर टेप ताणून अर्धी-अर्धी चढवत दोन थर, मग पीव्हीसी टेप. जोड बादलीत तासभर बुडवून मेगर लावा. पाण्यातही मेगरचा काटा कोरड्या जोडाएवढाच राहिला तरच खाली सोडा.