रोवनसारखं लाल फळांचं झाड पाहिजे? कोल्हापुरात कुंती लावा

युरोपातल्या बागांचे व्हिडिओ बघून रोवनचं रोप कुठं मिळेल म्हणून विचारणारे हल्ली बरेच झालेत. झाड देखणंच आहे ओ, वसंतात पांढऱ्या फुलांचे झुबके आणि नंतर लालभडक फळांचे घोस, पण ते थंड मुलखातलं, त्याच्या बिया सुद्धा काही महिने गारठ्यात राहिल्याशिवाय नीट उगवत नाहीत. त्याचे भाऊबंद हिमालयात आहेत, पन्हाळ्यावर नाहीत. ऑनलाइन बिया मागवून पैसे घालवू नका.

त्यापेक्षा कुंती लावा, नर्सरीत कामिनी म्हणून मिळते ती. नातं कढीपत्त्याशी, रोवनशी काही नाही, पण पांढरी फुलं, मग नारिंगी-लाल फळं, ती खायला बुलबुल, आणि रात्रीचा घमघमाट वर फुकट.

आपल्याकडं लोक तिला कंपाउंडला लावतात आणि सारखी कात्री मारून चौकोनी करतात, मग फळं कुठनं येणार? फुलं कोवळ्या फांद्यांच्या शेंड्याला येतात आणि नेमकं तेच आपण छाटतो. झाड करायचं असेल तर सगळ्यात सरळ खोड ठेवा, बाकीची तळातनं काढा, बांबूला सैल बांधा, आणि तीन-चार फुटांपर्यंतचे बाजूचे फुटवे खुडत राहा. छाटणी फळं संपल्यावर, ती पण वाळलेल्या आणि एकमेकीत घुसलेल्या फांद्यांचीच.

लागण जूनमध्ये पाऊस बसला की करा. ऊन चांगलं पाहिजे, अर्धवट सावली चालते पण फुलं कमी. काळी माती असेल तर नुसता खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरू नका, जुलैच्या झडीत त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा वीतभर उंच, रुंद वरंबा करा, शेणखत मिसळा, त्यावर रोप लावा. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय, फेरस सल्फेट द्या.

बियांपासून करायचं तर पिकलेलं फळ चोळून गर काढायचा आणि लगेच पेरायचं, वाळवून डबीत ठेवलेलं बी मग उगवत नाही.

आणि लिंबाच्या झाडाजवळ तर लावूच नका, लिंबूवर्गातला ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला कीड कुंतीवर पण मजेत राहते.