थंडीत सायकलने कामावर जायचं तर

घरातून बाहेर पडताना थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर अंगावर एक कपडा जास्त आहे, तो काढून परत खुंटीला अडकवा. गाडी विकल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी गोधडी गुंडाळल्यासारखी निघायचे आणि कामावर घामाने थबथबून पोचायचे. वाटेत सिग्नलला थांबलं की तोच घाम गार होऊन पाठीला चिकटायचा आणि हुडहुडी भरायची. म्हणून आत सुती बनियन नको. सुती कापड एकदा भिजलं की लवकर वाळत नाही. आत पातळ लोकरीचं काहीतरी, फारच थंडी असेल तर त्यावर स्वेटर, आणि वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. जॅकेटची चेन चालत्या सायकलवर एका हाताने खाली ओढता आली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतंच.

तापत नाहीत ती हातापायांची बोटं. शून्य अंशाला ताशी 20 किलोमीटरने सायकल हाणली, तर वारा पडलेला असला तरी उघड्या कातडीला उणे 5 असल्यासारखं लागतं. उणे 10 ला तर उणे 18! हातमोजे असे घ्या की दोन-दोन बोटं एकत्र राहतील, एकमेकांना ऊब देतील आणि ब्रेकही दाबता येईल. पायांच्या बाबतीत माझा मूर्खपणा सांगते. मी बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबायचे आणि पाय जास्तच बधिर व्हायचे. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही. एक नंबर मोठा बूट, लोकरी मोज्यांचा एकच जोड, आणि आत अंगठा हलला पाहिजे. कानांवर हेल्मेटखाली मावेल अशी पातळ टोपी, बस.

आता घसरण्याचं. पूल आधी गोठतो, कारण त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो. बाकी रस्ता नुसता ओला होता म्हणून मी पुलावरही बिनधास्त गेले, काचेसारखा बर्फ दिसल्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि कमरेवर आपटले. त्या वेळी ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, पायडलवर जोरही नाही. सायकल सरळ वाहू द्यायची. सीट बोटभर खाली घ्या, पाय पटकन टेकतात. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा (टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली मात्र नको). रोजच बर्फ असेल तर टंगस्टन कार्बाइडचे खिळे असलेले टायर घ्या. एकच घ्यायचा असेल तर पुढे लावा. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की थेट जमीन.

एकदा सकाळी मी पायडल मारतेय, चेन फिरतेय आणि सायकल जागची हलत नाही! मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची कुत्री (चेनची ओढ चाकाला देणारे छोटे खटके) थिजलेल्या ग्रीसमध्ये चिकटली होती. ते साफ करून पातळ तेल घालून घेतलं, पुन्हा त्रास नाही. गार सायकल उबदार खोलीत आणली की लोखंडावर दव धरतं. तशीच ओली पुन्हा बाहेर नेली तर ब्रेकची केबल आत गोठते. एक तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर बाहेरच आडोशाला ठेवा. रस्त्यावर मीठ टाकत असतील तर रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. मडगार्ड हवंच, पण चाकापासून जरा लांब, नाहीतर मध्ये बर्फ दाटून चाक अडतं.

दिव्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते. ती घरात आणा, पण लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियमची बॅटरी गोठलेली असताना चार्ज केली की कायमची बिघडते. आधी जेवून घ्या, मग लावा.

आणि पाऊस पडता पडताच गोठतोय अशा दिवशी? मी बस धरते.