सौम्य हवेतली, समुद्राजवळची फायरप्लेस: या चुका टाळा

फायरप्लेसबद्दलचे बहुतेक सल्ले बर्फाळ प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. तिथे आग महिनोन्‌महिने पेटती असते, धुराडं गरम राहतं आणि आत ओल साचायला वावच मिळत नाही. समुद्राजवळ हिवाळ्यातल्या रात्रीसुद्धा तापमान 8-12 अंशांच्या आसपास रेंगाळतं. आग पेटते ती मोजक्या संध्याकाळी, तीही दोन-तीन तास. उरलेलं वर्षभर ती फायरप्लेस खारट, दमट हवेत नुसती उभी असते. म्हणून इथे ती बिघडते ती दोन कारणांनी: पेटते तेव्हा पुरेशी तापत नाही आणि पेटत नाही तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या दोन गोष्टींतूनच येतात.

गरजेपेक्षा मोठी शेगडी घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती नंतर दुरुस्त करणं अवघड असतं. दुकानात लाकूड जाळायची मोठी, दाराची शेगडी देखणी दिसते आणि ‘जास्त क्षमता असलेली बरी’ असं वाटून जातं. पण सौम्य हवेत, बऱ्यापैकी बंदिस्त अशा मध्यम खोलीला साधारण 3 ते 5 किलोवॅट उष्णता पुरते. तिथे 10 किलोवॅटची शेगडी बसवली की अर्ध्या तासात खोली तापून नकोसं होतं. मग माणूस स्वाभाविकपणे शेगडीचा हवेचा झरोका बंद करत जातो आणि आग धुमसत राहते.

धुमसणाऱ्या आगीत लाकडातून निघणारे वायू पूर्ण जळत नाहीत. ते वर जातात, धुराड्याच्या थंड भिंतीला लागतात आणि तिथलं तापमान साधारण 120 अंशांच्या खाली असेल तर चिकटून बसतात. हेच क्रिओसोट. सुरुवातीला ते मऊ काजळीसारखं असतं, ब्रशने सहज निघतं. पुढे त्याचे खपल्यांसारखे थर होतात. शेवटी डांबरासारखा चकचकीत, कडक लेप बसतो आणि तो साध्या ब्रशला दाद देत नाही. या लेपाने पेट घेतला तर धुराड्यातलं तापमान 1,000 अंशांच्या वर जाऊ शकतं. आतलं अस्तर तडकतं, आणि लगतचं लाकूडकाम पेटण्याचा धोका असतो.

म्हणून निवडतानाच शेगडी लहान घ्या आणि ती जोमाने पेटवा. मोठी आधीच बसवलेली असेल, तर लाकूड भरगच्च घालून हवा कोंडू नका. बारीक चिरलेली दोन-तीन लाकडं घ्या, हवा मोकळी ठेवा, छोटी पण झळझळीत आग करा आणि तिला आपसूक विझू द्या. दाराची काच एका संध्याकाळीच काळी पडत असेल, तर आग थंड जळते आहे असं समजा. काच पुसत बसण्यापेक्षा पेटवण्याची पद्धत बदला. काच साफ करायला ओल्या कागदावर थोडी बारीक राख घेतली तरी पुरते, अर्थात काच पूर्ण गार झाल्यावर.

उघड्या चुलाणाकडून उबेची अपेक्षा

उघड्या फायरप्लेसमधल्या उष्णतेपैकी जेमतेम 10-15 टक्के खोलीत येते. शिवाय ती तासाला शेकडो घनमीटर हवा धुराड्यातून बाहेर ओढते. त्या हवेची जागा घ्यायला बाहेरची गार, दमट हवा फटीफटीतून आत शिरते. आगीसमोर बसलेल्याला ऊब लागते आणि मागची खोली गार पडते. अठराव्या शतकाच्या शेवटी काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञांनी चुलाण उथळ केलं, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला, तेव्हा उष्णता खोलीकडे जास्त फेकली जाऊ लागली. आजही उघडंच चुलाण हवं असेल तर हीच रचना निवडावी. पण ऊब हवी असेल तर काचेचं दार असलेली बंद शेगडी घ्या. चांगली शेगडी लाकडातली 65 ते 80 टक्के उष्णता खोलीला देते. माझं मत स्पष्ट आहे: केवळ पाहण्याच्या आनंदासाठी उघडं चुलाण ठीक आहे, घर तापवण्यासाठी नाही.

धुराड्याविना गॅसची फायरप्लेस

धुराडं नको, भिंत फोडायला नको, म्हणून अनेकजण हा पर्याय घेतात. दमट हवेत तो मला अजिबात पटत नाही. नैसर्गिक वायू जळताना पाणी तयार होतं. एक घनमीटर वायूमागे सुमारे दीड लिटर. धुराडं नसेल तर ही सगळी वाफ खोलीतच राहते आणि गार काचांवर, कपाटामागच्या भिंतीवर जाऊन बसते. समुद्राजवळच्या घरात आधीच आर्द्रता भरपूर असते. त्यात ही भर पडली की महिन्याभरात कोपऱ्यांत बुरशी दिसू लागते. इथेनॉलवर चालणाऱ्या फायरप्लेसचंही तेच, आणि तिचा धोका वेगळा: आग चालू असताना किंवा भांडं गरम असताना पुन्हा इंधन ओतणं. इथेनॉलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही आणि बाटलीपर्यंत भडका येऊ शकतो. पूर्ण गार होईपर्यंत थांबा.

गॅसच हवा असेल, तर बाहेरची हवा घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, काचेने पूर्ण बंद असलेली निवडा. तिची छोटी सततची ज्योत वारंवार विझत असेल, तर बाहेरच्या तोंडावर येणारा वारा आणि थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखून गॅस चालू ठेवणारा भाग) या दोन गोष्टी आधी तपासून घ्या. निळी ज्योत पिवळी होऊन काजळी धरू लागली, तर बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलेलं असण्याची बरीच शक्यता असते. बंद महिन्यांत हे अनेकदा घडतं. हे काम गॅसच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

आणि वर्षातून दहा-बाराच संध्याकाळी आग हवी असेल तर विजेची फायरप्लेस घ्यायला संकोच वाटू देऊ नका. साधारण 1,500 वॅट उष्णता मिळते, ना धूर ना ओल, देखभाल म्हणजे धूळ पुसणं.

धूर खोलीत येतो, आणि दोष लाकडाला

सर्वाधिक तक्रारी याच असतात, आणि बहुतेक वेळा निदान चुकतं. धुराड्याची ओढ दोन गोष्टींवर ठरते: त्याची उंची, आणि आतला वायू व बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक. बाहेर उणे 10 अंश असेल तर ओढ आपोआप जोरकस असते. बाहेर 14 आणि घरात 19 असेल, तर न पेटलेल्या धुराड्यात हवा जवळजवळ स्थिर असते. धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर त्यात गार हवेचा खांब उभा असतो आणि तो खालीच दाबत राहतो. अशा वेळी आग पेटवली की धूर घरात येणारच.

धूर केव्हा येतो ते आधी नीट पाहा.

फक्त पेटवताना येत असेल तर गार हवेचा खांब हे कारण. डँपर (धुराड्याची झडप) उघडून कागदाची एक गुंडाळी पेटवा, ती धुराड्याच्या तोंडाशी मिनिटभर धरा आणि ओढ सुरू झाली की मगच आग लावा. जाड लाकडं खाली, बारीक वर आणि ढलप्या सगळ्यात वर रचून वरून पेटवलं तर धुराडं लवकर तापतं आणि धूरही कमी होतो.

स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीघराचा पंखा लावल्यावर येत असेल, तर तो पंखा आणि धुराडं एकाच हवेसाठी भांडताहेत. जवळची खिडकी बोटभर उघडून पाहा. लगेच फरक पडला तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे शेगडीला बाहेरच्या हवेची स्वतंत्र नळी देणं.

एकाच दिशेचा वारा असताना येत असेल तर धुराड्याचं टोक वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडतंय. प्रचलित नियम असा की धुराडं छतातून बाहेर पडतं तिथपासून किमान 90 सेंटिमीटर उंच आणि 3 मीटरच्या आतल्या छताच्या कुठल्याही भागापेक्षा किमान 60 सेंटिमीटर उंच असावं. तेवढं असूनही त्रास होत असेल, तर वाऱ्याला उलटं शिरू न देणारी टोपी बसवा.

नेहमीच येत असेल, तर वर पक्ष्याचं घरटं, काजळीने बुजलेली जाळी, किंवा चुलाणाचं तोंड धुराड्याच्या मानाने फार मोठं. उघड्या फायरप्लेसमध्ये धुराड्याचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण एक दशांश तरी लागतं.

लाकूड वाळलं असं गृहीत धरणं

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने अर्धं पाणी असू शकतं. जाळायला ते 20 टक्क्यांच्या खाली आलेलं हवं. किनाऱ्यावर खरी अडचण पुढेच सुरू होते: लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेतं. हवेत 80 टक्के आर्द्रता सतत राहिली तर ते 16 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं आणि 90 टक्के राहिली तर 20 च्या पुढे जातं. म्हणजे उत्तम वाळवलेलं लाकूडही दमट आठवड्यांत पुन्हा ओल धरतं. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळलं तर आतली वाफ कोंडून आणखी वाईट. रास जमिनीपासून वीतभर उचला, वर छप्पर करा, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. लागणारी लाकडं दोन-चार दिवस आधी घरात आणा, पण शेगडीला चिकटून ठेवू नका. जळू शकणारं काहीही तिच्यासमोर 90 सेंटिमीटरच्या आत नको. ओल मोजायचं छोटं यंत्र जवळ ठेवा आणि लाकूड नव्याने चिरून आतल्या बाजूला मोजा. बाहेरून ते नेहमीच कोरडं दाखवतं.

किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड मात्र कधीच जाळू नका. ते सुंदर दिसतं, फुकट मिळतं, पण मिठाने भरलेलं असतं. त्यातल्या क्लोराइडमुळे शेगडीचं लोखंड आणि स्टीलचं धुराडं दोन्ही खाल्लं जातं, आणि धुरात डायऑक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको.

धातू निवडताना खाऱ्या हवेचा विसर

जस्त चढवलेली टोपी समुद्राजवळ काही वर्षांतच गंजून जाळीसारखी होते. स्टेनलेस स्टील म्हटलं तरी 304 आणि 316 या प्रतींत फरक आहे. 316 मध्ये 2-3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि क्लोराइडच्या माऱ्यापुढे ते बरंच जास्त टिकतं. टोपी, जाळी, स्क्रू, पट्ट्या सगळं त्याच प्रतीचं मागा. एक स्क्रू साधा लागला की गंज तिथूनच सुरू होतो.

विटांच्या धुराड्यावर वाऱ्यासोबत पाऊस आडवा मारतो. वरच्या सिमेंटच्या थराला भेगा पडल्या असतील तर पाणी आत शिरतं आणि भिंतीवर पांढरे क्षार उमटतात. ते लपवायला वरून जाड रंग देऊ नका. आतली ओल अडकून राहते. भेगा बुजवा, छताशी जोडलेल्या धातूच्या पट्ट्या तपासा आणि वाफ बाहेर जाऊ देणारं पाणीरोधक द्रव्य लावा.

हिवाळा संपला की दार लावून मोकळं होणं

आग पेटती असताना निखाऱ्यांखाली 2-3 सेंटिमीटर राख ठेवणं चांगलंच. पण शेवटच्या आगीनंतर ती तशीच राहिली तर हवेतली ओल शोषते, क्षारयुक्त लगदा होतो आणि लोखंड पोखरतो. राख पूर्ण काढा. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून तो घराबाहेर दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवा, कारण राखेत निखारे काही दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

धुराडं साफ करायची वेळही हीच. बरेचजण पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर बोलावतात. पण मधल्या दमट महिन्यांत क्रिओसोट ओल धरतं, त्याचं आम्ल धातू खातं आणि घरभर जळका, उग्र वास सुटतो. थर 3 मिलिमीटर झाला असेल तर सफाई टाळूच नये, आणि कमी पेटवलं तरी तपासणी वर्षातून एकदा हवीच. साफ झाल्यावर बंद शेगडीचं दार किंचित उघडं ठेवा म्हणजे हवा खेळते. उघड्या चुलाणाचा डँपर मात्र लावून घ्या आणि त्याच्या दांड्याला एक ठळक चिठ्ठी बांधा, म्हणजे पुढच्या वेळी बंद डँपरखाली कुणी आग पेटवणार नाही.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्याची सूचना देणारं यंत्र फायरप्लेसच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ बसवा, आणि चिठ्ठी सोडवाल त्या दिवशी त्याचं बटण दाबून ते वाजतं की नाही तेही पाहा.